२१ ऑक्टोबरला पोलीस कुणाची नावं वाचतात? आणि कुणाची राहून जातात?

दरवर्षी २१ ऑक्टोबरला सकाळी तुमच्या फीडवर एकसारख्या पोस्ट दिसायला लागतात. काळी पार्श्वभूमी, एक मेणबत्ती किंवा उलटी धरलेली रायफल आणि खाली 'पोलीस स्मृतिदिनानिमित्त विनम्र अभिवादन'. पनवेल, कामोठे, खारघरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवरही त्या फिरतात. बऱ्याचदा शहिदांपेक्षा पोस्ट टाकणाऱ्या नेत्याचा फोटो मोठा असतो. दिवाळी तोंडावर असेल तर दुपारपर्यंत ही पोस्ट फराळाच्या ऑर्डरींखाली गाडली जाते.

त्याच सकाळी देशभरातल्या पोलीस मैदानांवर एक लांबलचक यादी मोठ्याने वाचली जाते. वर्षभरात कर्तव्यावर जीव गेलेल्या प्रत्येक पोलिसाचं नाव त्यात असतं. शिपायाचंही आणि अधिकाऱ्याचंही.

ही प्रथा कुठून आली, यादीत नाव कसं लागतं, आणि पोलीस दलातली कोणती माणसं गेल्यावरही या यादीबाहेर राहतात, हे समजून घेऊया. पनवेलच्या वाचकांसाठी हा विषय जरा जास्तच जवळचा आहे. का, ते पुढे येईलच.

२१ ऑक्टोबरच का?

अनेकांना वाटतं, हा दिवस १९६२ च्या चीन युद्धाशी जोडलेला आहे. तसं नाही. गोष्ट त्याच्या तीन वर्षं आधीची आहे.

१९५९ पर्यंत तिबेटला लागून असलेल्या भारताच्या सीमेवर पहारा द्यायचं काम लष्कराकडे नव्हतं, पोलिसांकडे होतं. लडाखच्या ईशान्य भागात हॉट स्प्रिंग्ज नावाची जागा आहे, सुमारे १६ हजार फुटांवर. नाव गरम पाण्याच्या झऱ्यांचं, पण हवा हाडं गोठवणारी. २० ऑक्टोबर १९५९ ला तिथून तीन तुकड्या टेहळणीसाठी निघाल्या. दोन तुकड्या दुपारपर्यंत परतल्या. तिसऱ्या तुकडीत दोन शिपाई आणि एक हमाल होता. ते आलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना शोधायला साधारण वीस जणांचं पथक निघालं. नेतृत्व करम सिंग या अधिकाऱ्याकडे होतं. ते घोड्यावर, बाकीचे पायी. दुपारच्या सुमारास एका टेकडीवर दबा धरून बसलेल्या चिनी सैनिकांनी गोळीबार केला आणि हातबॉम्ब टाकले. पथकाला आडोसा नव्हता. दहा पोलीस जागीच गेले, सात जण जखमी अवस्थेत चिन्यांच्या हाती लागले, उरलेले कसेबसे निसटले. मृतदेह परत मिळायला १३ नोव्हेंबर उजाडला. त्यांच्यावर हॉट स्प्रिंग्जलाच पोलीस इतमामाने अंत्यसंस्कार झाले.

बारकाईने पाहिलं तर ही लढाई जिंकायला किंवा चौकी काबीज करायला निघालेली माणसं नव्हती. हरवलेल्या सहकाऱ्यांना शोधायला निघालेली होती. जानेवारी १९६० मध्ये देशातल्या पोलीस महानिरीक्षकांच्या वार्षिक परिषदेत २१ ऑक्टोबर हा दिवस स्मृतिदिन म्हणून पाळायचं ठरलं. तेव्हापासून दरवर्षी वेगवेगळ्या राज्यांतल्या पोलिसांचं एक पथक हॉट स्प्रिंग्जपर्यंत जाऊन तिथल्या स्मारकाला मानवंदना देतं.

जाता जाता एक गोंधळ दूर करूया. २ जानेवारीला असतो तो महाराष्ट्र पोलिसांचा स्थापना दिवस. २ जानेवारी १९६१ ला पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते राज्याच्या पोलीस दलाला ध्वज मिळाला, त्याची ती आठवण. शाळेच्या मुलांना पोलीस ठाण्यात नेऊन बंदुका दाखवतात तो आठवडा जानेवारीतला. ऑक्टोबरातला दिवस फक्त गेलेल्यांचा.

मैदानावर नेमकं काय होतं?

राज्याचा मुख्य कार्यक्रम मुंबईत नायगावच्या पोलीस मैदानावर, हुतात्मा स्मारकापाशी होतो. याशिवाय प्रत्येक जिल्ह्याच्या आणि आयुक्तालयाच्या मुख्यालयातही तो असतो. पनवेल आज नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात येतं, आणि या आयुक्तालयाचं पोलीस मुख्यालय आहे कळंबोलीला लागून रोडपालीत. एक्स्प्रेस वेने पुण्याकडे जाताना तुम्ही जिथून सुरुवात करता, तिथून अगदी जवळ.

परेडचा शब्द असतो 'शोक शस्त्र'. जवान रायफल उलटी करतात, नळी जमिनीकडे. मान खाली. बिगुलावर 'लास्ट पोस्ट' वाजतं. हवेत तीन फैरी झाडल्या जातात. अधिकारी आणि मग घरचे लोक स्मारकावर पुष्पचक्र, फुलं वाहतात.

आणि नावांचं वाचन. या कार्यक्रमात बघण्यासारखं, खरं तर ऐकण्यासारखं, हेच आहे. राज्य आणि दलवार नावं वाचली जातात. आसाम, बिहार, छत्तीसगड असं करत यादी पुढे सरकते. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल, रेल्वे सुरक्षा दल अशा केंद्रीय दलांतली माणसंही त्यात असतात. मराठी अधिकाऱ्याच्या तोंडी मणिपुरी नाव अडखळतं, तेलुगू आडनावाचा उच्चार चुकतो. पण वाचलं जातं प्रत्येक. भाषण नाही, कुणाच्या शौर्याचं वर्णन नाही. नुसती नावं, एकापाठोपाठ एक. पोलीस दलात एरवी हुद्द्याशिवाय पान हलत नाही. इथे शिपाई आणि उपअधीक्षक एकाच सुरात येतात.

२०२१ च्या स्मृतिदिनाला देशभरातली ३७७ नावं होती. २०२३ ला १८८.

यादीत नाव कधी येतं?

यादीचं वर्ष आपल्या कॅलेंडरसारखं नसतं. १ सप्टेंबर ते पुढच्या वर्षीचा ३१ ऑगस्ट असा काळ धरला जातो. राज्यं आणि केंद्रीय दलं आपापली नावं पाठवतात, ती एकत्र होतात आणि ऑक्टोबरात वाचली जातात.

याचा एक विचित्र परिणाम होतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात गेलेल्यांची नावं या हिशेबाने २००९ च्या ऑक्टोबरच्या यादीत येतात. आणि ८ ऑक्टोबर २००९ ला गडचिरोलीत लाहेरीजवळ १७ पोलीस गेले, त्यानंतर तेराच दिवसांनी स्मृतिदिन होता. तरी नियमाप्रमाणे त्यांचा क्रम पुढच्या वर्षीच्या यादीत. घरात अजून तेरावं व्हायचंय आणि मैदानावर वाचली जाणारी नावं मात्र आधीच्या वर्षाची.

दिल्लीत चाणक्यपुरीला राष्ट्रीय पोलीस स्मारक आहे. २१ ऑक्टोबर २०१८ ला त्याचं उद्घाटन झालं. ग्रॅनाइटच्या एकाच दगडातून घडवलेलं ३० फुटी शिल्प, वजन २३८ टन. त्यामागच्या भिंतीवर, जिला 'वॉल ऑफ व्हॅलर' म्हणतात, स्वातंत्र्यानंतर कर्तव्यावर प्राण गेलेल्या पोलिसांची नावं कोरली आहेत. उद्घाटनाच्या वेळी ती ३४,८४४ होती. २०२३ पर्यंत हा आकडा ३६,२५० वर गेला. म्हणजे स्वातंत्र्यापासूनची सरासरी काढली तर रोज एकापेक्षा जास्त.

मग 'शहीद' कोण?

आता सगळ्यांत अवघड प्रश्न. आपण बातम्यांत सर्रास 'शहीद' लिहितो. पण सरकारी नियमांत हा शब्द आहे का?

नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय गृह आणि संरक्षण मंत्रालयांनी केंद्रीय माहिती आयोगाला सांगितलं होतं की, लष्कर किंवा पोलीस दलाच्या व्यवहारात 'शहीद' असा शब्दच वापरला जात नाही. लष्करात 'बॅटल कॅज्युअल्टी' आणि पोलिसांत 'ऑपरेशन कॅज्युअल्टी' असे शब्द आहेत. मृत्यू कारवाईत झाला का, हे चौकशी अहवालानंतर ठरतं. म्हणजे पेपरात छापून येणारा 'शहीद' हा आदराचा शब्द आहे. घरच्यांना काय मिळणार, ते त्याच्यावर ठरत नाही. ते ठरतं मृत्यू कसा, कुठे आणि कशामुळे झाला, या कागदावर.

शिवाय हा शब्द एकट्या पोलिसांचा नाहीच. गडचिरोलीत माओवादी २८ जुलै ते ३ ऑगस्ट असा स्वतःचा 'शहीद सप्ताह' पाळत आले. चारू मुजुमदार २८ जुलै १९७२ ला गेले, तेव्हापासूनचा तो संदर्भ. त्या आठवड्यात पोलिसांची गस्त वाढते. एकाच जंगलात, एकाच शब्दाने, दोन्ही बाजू आपापली माणसं मोजतात.

महाराष्ट्राच्या यादीतली जड पानं

गडचिरोलीचा उल्लेख आलाच आहे, तर २००९ चं साल नीट बघूया. १ फेब्रुवारीला मरकेगावला १५ पोलीस. २१ मे रोजी हत्तीगोटाला १६, त्यात पाच महिला शिपाई. ८ ऑक्टोबरला लाहेरीला १७. तीन घटनांत ४८ माणसं. मुंबईत बसून बातम्या बघणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना ही तीन गावं नकाशावर दाखवता येतील?

दहा वर्षांनी, १ मे २०१९ ला, म्हणजे महाराष्ट्र दिनीच, कुरखेडा तालुक्यात जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात शीघ्र कृती पथकाचे १५ पोलीस गेले. ते खासगी गाडीतून चालले होते. गाडीचा चालकही गेला. मृतांचा आकडा १६ सांगितला जातो आणि पोलिसांचा १५. या एका आकड्याच्या फरकात एक माणूस आहे, जो वर्दीत नव्हता पण त्याच गाडीत, त्याच रस्त्यावर होता.

२६/११ बद्दल तुम्हाला बरंच माहीत आहे. हल्ल्यात १८ सुरक्षा कर्मचारी गेले. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर ही नावं सगळ्यांच्या तोंडी आहेत. तुकाराम ओंबळेंचं नाव त्यांच्याबरोबरीने घेतलं जातं, आणि तसंच व्हायला हवं. साताऱ्याच्या केडंबे गावचे ओंबळे आधी सैन्यात होते, मग मुंबई पोलिसांत आले. सहायक उपनिरीक्षक. हातात फक्त काठी. गिरगाव चौपाटीला त्यांनी कसाबच्या रायफलची नळी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या आणि तो जिवंत हाती लागला. चौघांनाही अशोकचक्र मिळालं. ओंबळेंचा पुतळा चौपाटीवर आहे, आणि २०२१ मध्ये संशोधकांनी कोळ्याच्या एका नव्या प्रजातीला त्यांचं नाव दिलं.

पण त्याच रात्री छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर रेल्वे पोलिसांचे निरीक्षक शशांक शिंदे गेले. कामा हॉस्पिटलजवळ उपनिरीक्षक प्रकाश मोरे आणि बापूसाहेब दुरुगडे गेले. यातली किती नावं तुम्हाला आठवत होती? हा टोमणा नाही. आठवण ठेवणं ही सवयीची गोष्ट आहे, आणि सवय लावतात ती पाठ्यपुस्तकं, पुतळे आणि सिनेमे. ज्याच्यावर सिनेमा नाही त्याच्यासाठी उरते ती नायगावच्या मैदानावर वाचली गेलेली एक ओळ.

पनवेल-उरणमध्ये 'हुतात्मा' म्हटलं की

आता घराजवळ येऊया. पनवेल-उरण पट्ट्यात कुणाला विचारलंत, "इथले हुतात्मे कोण?" तर पोलिसांची नावं कुणी सांगणार नाही. चिरनेर सांगतील.

२५ सप्टेंबर १९३० ला, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या चिरनेरच्या अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रह झाला. ब्रिटिश सरकारच्या पोलिसांनी गोळीबार केला. आठ गावकरी हुतात्मा झाले. मग १९८४ चा जानेवारी. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारीला जासई आणि पागोटे परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. हे पोलीस स्वतंत्र महाराष्ट्राचे होते. दोन्ही ठिकाणी दरवर्षी अभिवादन होतं.

यातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. चिरनेरला २५ सप्टेंबरच्या शासकीय कार्यक्रमात हुतात्म्यांना मानवंदना देतात ते पोलीसच. हवेत बंदुकीच्या फैरी झाडून. एकेकाळी ज्या खात्याच्या गोळीने ती माणसं गेली, त्याच खात्याच्या बंदुका आता आदराने वर होतात. आणि त्यानंतर चार आठवडेही होत नाहीत तोवर, २१ ऑक्टोबरला, त्याच बंदुका स्वतःच्या माणसांसाठी वर होतात.

इथल्या जुन्या पिढीच्या मनात पोलिसांबद्दल दोन भावना शेजारी शेजारी असतात, त्या या इतिहासामुळे. पोलिसांना आदर द्या, असं नुसतं म्हणून ते मिटत नाही. जासईच्या घरातही आता कुणाचा तरी मुलगा पोलीस भरतीसाठी पहाटे धावत असतो.

यादीबाहेर राहणारे

कर्तव्यावर मृत्यू म्हटलं की डोळ्यांसमोर गोळी येते. प्रत्यक्षात पोलीस अनेक कारणांनी जातात. नाकाबंदीत अंगावर गाडी येते. बंदोबस्तावर उभ्या उभ्या हृदयविकाराचा झटका येतो. सलग ड्युटीनंतर दुचाकीवरून घरी जाताना डुलकी लागते. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबईत खारला वाहतूक हवालदार विलास शिंदे यांनी हेल्मेट न घालणाऱ्या अल्पवयीन मुलाला अडवलं. चिडलेल्या भावाने डोक्यात फटका मारला. आठवडाभराने, ३१ ऑगस्टला, शिंदे गेले. हेल्मेटसाठी.

मग कोविड आला. दोन लाटांत राज्यातले शेकडो पोलीस गेले. त्या वेळी राज्य सरकारने कर्तव्यावर असताना कोविडने मृत्यू झालेल्या पोलिसांच्या कुटुंबांना ५० लाखांची मदत जाहीर केली. रोगाने मेलेला पोलीसही 'कर्तव्यावर' गेला, हे इतक्या ठळकपणे मान्य होण्याची ही विरळ वेळ. साथ ओसरल्यावर रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांनी जाणारे पुन्हा नेहमीच्या रकान्यात गेले: सेवेत असताना मृत्यू. त्यांच्यासाठी फैरी झडत नाहीत.

हे आजार येतात कुठून, हेही पोलिसांनाच ठाऊक. मुंबईतल्या देवनार पोलीस ठाण्यातले शिपाई रवींद्र पाटील यांनी आठ तासांच्या ड्युटीचं वेळापत्रक स्वतः बसून तयार केलं होतं आणि २०१६ मध्ये तत्कालीन आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ते राबवायला घेतलं. तोवर बारा तास आणि त्याहून जास्त ड्युटी हेच नेहमीचं होतं.

आणि एक मृत्यू असा आहे, जो कुठल्याच रकान्यात बसत नाही. तो पनवेलच्या अगदी जवळचा आहे.

सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे, मूळच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या, नवी मुंबई पोलिसांत होत्या. ११ एप्रिल २०१६ पासून त्या बेपत्ता झाल्या. घरच्यांनी तक्रारी केल्या, अधिकाऱ्यांचे उंबरे झिजवले. संशय होता पोलीस निरीक्षक अभय कुरुंदकरवर. घरचे दाद मागत होते त्याच काळात, जानेवारी २०१७ मध्ये, त्याला राष्ट्रपती पोलीस पदक जाहीर झालं. अटक झाली डिसेंबर २०१७ मध्ये. मृतदेह कधीच मिळाला नाही. खटला पनवेलच्या सत्र न्यायालयात चालला आणि २१ एप्रिल २०२५ ला कुरुंदकरला जन्मठेप झाली, पुरावा नष्ट करायला मदत करणाऱ्या दोघांना सात वर्षांची शिक्षा झाली. गुन्ह्यानंतर आरोपीला पदक मिळालंच कसं, याचं न्यायालयालाही आश्चर्य वाटलं.

हा मृत्यू कर्तव्यावरचा नाही, त्यामुळे स्मृतिदिनाच्या निकषांत तो बसत नाही. नियम म्हणून ते बरोबरच आहे. पण खात्याने आपल्या गेलेल्या माणसाची दखल घेण्याचा २१ ऑक्टोबर हा एकच मार्ग नसतो. तक्रार आली त्या दिवशी ती गांभीर्याने घेणं हाही एक मार्ग होता. त्यासाठी घरच्यांना नऊ वर्षं झगडावं लागलं.

बाहेर काय करतात?

अमेरिकेत ग्रामीण भागात पोलिसांचं काम बहुतांशी 'शेरीफ' बघतो. तो लोकांनी निवडून दिलेला असतो, आणि त्याचं खातं एका परगण्यापुरतं, म्हणजे आपल्या तालुका-जिल्ह्याच्या मधल्या आकाराचं असतं. मुंबईचा शेरीफ वेगळा, ते नुसतं मानाचं पद. तिथली अनेक छोटी खाती आपल्या दोन-तीन गेलेल्या माणसांचं स्मारकही कार्यालयाच्या दारात ठेवतात. १९६२ मध्ये अध्यक्ष केनेडींनी १५ मे हा दिवस त्यांच्यासाठी ठरवला. वॉशिंग्टनमधलं राष्ट्रीय स्मारक १९९१ चं.

तिथल्या भिंतीवरची दोन वैशिष्ट्यं आपल्या कामाची आहेत. नावं हुद्द्याने, तारखेने किंवा आडनावाने लावलेली नाहीत, सरमिसळ आहेत. कुठलं नाव कुठे आहे ते सूचीत शोधावं लागतं. आणि कर्तव्याशी जोडलेला अपघात, हृदयविकार आणि कोविड, हे सगळं त्या भिंतीवर येऊ शकतं. २०२१ मध्ये तिथे पोलिसांच्या कर्तव्यावरील मृत्यूंचं सगळ्यांत मोठं कारण कोविड हेच होतं.

आपल्याकडे तसंच करा, असं माझं म्हणणं नाही. चकमकीतला मृत्यू आणि आजारातला मृत्यू यांत फरक करावासा वाटणं साहजिक आहे. पण निदान ठाण्याच्या पातळीवर, भिंतीवर एक फलक असायला काय हरकत आहे? या ठाण्यात नोकरी करताना गेलेले, एवढंच वर लिहून.

घरच्यांच्या वाट्याला काय येतं?

स्मृतिदिनाला घरच्यांना मानाने बोलावतात, पहिल्या रांगेत बसवतात. उरलेले ३६४ दिवस कागदांचे असतात. सानुग्रह अनुदान, कुटुंब निवृत्तिवेतन, विमा, आणि मुला-मुलीला किंवा पत्नीला अनुकंपा नोकरी. कारवाईतला मृत्यू असेल तर रक्कम मोठी आणि फाइल जरा पळते. साधा सेवेतला मृत्यू असेल तर अनुकंपाच्या प्रतीक्षायादीत नाव लागतं आणि वाट बघणं सुरू होतं. पोलीस वसाहतीतली खोलीही ठरावीक मुदतीनंतर सोडावी लागते. ज्या जिन्यात मुलं मोठी झाली तोच जिना उतरून भाड्याच्या घराकडे जायचं.

आणि काही घरांना पैशांपेक्षा उत्तर हवं असतं. अशोक कामटेंच्या पत्नी विनिता कामटे यांनी माहिती अधिकारात नियंत्रण कक्षाच्या नोंदी मागवल्या. त्या रात्री कुणी कुणाला कधी काय कळवलं आणि मदत का पोहोचली नाही, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. त्यातून २००९ मध्ये 'टू द लास्ट बुलेट' हे पुस्तक आलं. हेमंत करकरेंच्या पत्नी कविता करकरे बुलेटप्रूफ जॅकेटच्या दर्जाबद्दल विचारत राहिल्या. त्या २०१४ मध्ये गेल्या.

तुम्हाला एखादं नाव शोधायचं असेल तर

घरातले आजोबा किंवा काका पोलिसांत होते आणि कर्तव्यावर गेले, एवढंच ऐकलेलं असतं. तपशील कुणाकडे नसतो. पनवेलच्या बाबतीत एक अडचण लक्षात ठेवा. नवी मुंबई पोलीस आयुक्तालय १९९४ चं आहे. त्याआधी पनवेल अलिबागच्या पोलीस अधीक्षकांच्या हाताखाली होतं, आणि १९८१ पर्यंत जिल्ह्याचं नावही कुलाबा होतं. त्यामुळे जुनी नोंद शोधायची तर चौकशी कळंबोलीला नाही, अलिबागला करावी लागेल, तीही 'रायगड' आणि 'कुलाबा' अशा दोन्ही नावांनी. सेवापुस्तक, शेवटची नेमणूक आणि मृत्यूची तारीख, निदान साल, यांपैकी काहीतरी हाताशी असेल तर काम सोपं होतं. उत्तर मिळालं नाही तर साध्या कागदावर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो.

मृत्यू कारवाईत झाला असेल तर दिल्लीच्या भिंतीवर नाव असायला हवं. तारीख सप्टेंबर ते डिसेंबरमधली असेल तर पुढच्या सालाच्या यादीत बघा.